फडताळावरचं नागपूर: लूप अँटेना, जंगल आणि एक जुना ट्रान्झिस्टर

(या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

इअरफोन लावलेत ना? मग आधी एक प्रश्न. आत्ता तुम्ही हा एपिसोड ऐकताय, त्यासाठी तुमच्या फोनला टॉवर लागला, टॉवरला वीज लागली, त्यामागे फायबर लागलं, आणि कुठेतरी एक सर्व्हर जागा आहे. यातली एक कडी तुटली की मी गप्प. आज गोष्ट अशा एका वस्तूची, जिला यातलं काहीच लागत नाही. लाकडाची एक फुली, त्यावर तांब्याच्या तारेचे डझनभर वेढे, आणि जुन्या रेडिओतून काढलेला एक गँग. बस. तिला लूप अँटेना म्हणतात. इतिहास मोठा आहे, पण मी माझ्या घरापासून सुरू करतो.

माझे आजोबा ऐंशीच्या दशकात आलापल्लीला नोकरीला होते. सागवानाचं जंगल, लाकडाचा डेपो, आणि पावसाळ्यात चार-चार दिवस न येणारं वर्तमानपत्र. त्यांच्याकडे दोन बँडचा ट्रान्झिस्टर होता, चामड्याच्या कव्हरातला. नोकरी संपवून ते गावी आले, तेव्हा सोबत लाकडी फडताळही आलं. त्याच्या वरच्या फळीवर पेन्सिलीने मारलेल्या दोन रेघा होत्या. एकीजवळ लिहिलं होतं ‘ना’, दुसरीजवळ ‘ज’.

मी लहानपणी विचारलं, हे काय? तर म्हणाले, “ना म्हणजे नागपूर. ज म्हणजे जगदलपूर. त्या रेघेवर रेडिओ ठेवला की ते स्टेशन बोलते.” गावी आल्यावर त्या रेघांचा काही उपयोग उरला नव्हता, दिशा बदलल्या होत्या. पण त्यांनी गावातही दुसरी फळी शोधली आणि तिथे नवी रेघ मारली. मी रेडिओला हात लावला की ओरडायचे, “बाबू, हात नको लावू! नागपूर हलते!”

आम्ही नातवंडं हसायचो. नागपूर कसं हलेल? मला वाटायचं, हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. मांजर आडवं गेलं की थांबणं, तशातला. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सचा पेपर आला तेव्हा कळलं की आजोबा बरोबर होते. आणि तोवर त्यांना ते सांगायची सोय उरली नव्हती.

रेडिओच्या पोटातली कांडी

आधी हे समजून घेऊ. मिडियम वेव्हचा कुठलाही ट्रान्झिस्टर उघडा. आत बोटाएवढ्या जाडीची काळपट कांडी दिसेल, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. ही फेराइटची कांडी म्हणजेच त्या रेडिओचा मिडियम वेव्हचा अँटेना. वर जी स्टीलची काडी आपण ओढून लांब करतो ना, ती शॉर्टवेव्ह आणि एफएमसाठी. मिडियम वेव्हला तिचा सहसा उपयोग नाही. कितीतरी घरांत माणसं आयुष्यभर ती काडी ओढत राहिली!

रेडिओ लहरीत दोन गोष्टी एकत्र चालतात, विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र. उभी तार विद्युत क्षेत्र पकडते. तारेचा वेढा चुंबकीय क्षेत्र पकडतो. मायकेल फॅरडेने १८३१मध्ये दाखवलं की वेढ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज उभी राहते. वेढे जास्त, क्षेत्रफळ जास्त, बदल वेगवान, तर वीज जास्त. सायकलच्या डायनॅमोपासून वायरलेस चार्जरपर्यंत हाच नियम आहे.

आता गंमत बघा. नागपूरहून येणाऱ्या लहरीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर आणि प्रवासाच्या दिशेला आडवं असतं. म्हणून कांडीही आडवी हवी. सोप्या भाषेत, रेडिओचं तोंड किंवा पाठ नागपूरकडे असली की आवाज मोठा. रेडिओची अरुंद बाजू नागपूरकडे केली, म्हणजे कांडीचं टोक त्या दिशेला गेलं, की नागपूर गायब. आजोबांनी फॅरडे वाचला नव्हता. त्यांनी रेडिओ फिरवून पाहिला आणि जिथे आवाज लागला तिथे रेघ मारली. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही जे रीडिंग घेतलं, ते त्यांनी फडताळावर घेऊन ठेवलं होतं.

हर्ट्झपासून समुद्रापर्यंत

लूप ही रेडिओत नंतर आलेली सुधारणा आहे असं मला वाटायचं. उलट आहे. रेडिओ लहर प्रयोगात पहिल्यांदा ओळखली गेली तीच वेढ्याने. जर्मनीत कार्ल्सरूहला १८८७-८८मध्ये हाइनरिक हर्ट्झ ठिणग्या पाडत होता. काही अंतरावर त्याने तारेचा एक वेढा धरला होता, त्यात केसाएवढी फट. अंधाऱ्या खोलीत त्या फटीत बारीकशी ठिणगी दिसायची. मध्ये तार नाही, काही नाही, तरी इकडे ठिणगी पडली की तिकडे ठिणगी. हर्ट्झ १८९४मध्ये वारला, वय फक्त ३६. आपल्या रेडिओच्या डायलवर आजही त्याचं नाव आहे, किलोहर्ट्झ.

मग लोकांच्या लक्षात आलं की वेढा फिरवला तर आवाज कमी-जास्त होतो, म्हणजे वेढा दिशा सांगतो. आणि इथे एक बारकावा आहे. आवाज सगळ्यात मोठा कुठे लागतो ते कानाला नीट कळत नाही, कारण वीस अंश इकडे-तिकडे फरकच पडत नाही. पण आवाज मरतो ती जागा एकदम टोकदार असते. एक-दोन अंशांत स्टेशन नाहीसं होतं. त्यामुळे दिशा शोधणारे लोक आवाज शोधत नाहीत, शांतता शोधतात. इंजिनिअर या जागेला नल म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा.

जहाजांवर, नंतर विमानांवर असे वेढे बसले. अमेलिया इअरहार्टचं नाव ऐकलं असेल. विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करायला निघालेली वैमानिक. तिच्या विमानाच्या छतावर गोल लूप होता. २ जुलै १९३७ला प्रशांत महासागरातलं हाउलंड नावाचं चिमुकलं बेट ती शोधत होती. बेटाजवळ उभ्या असलेल्या जहाजाला तिने ७५०० किलोहर्ट्झवर सिग्नल पाठवायला सांगितलं. सिग्नल आला. तिने कळवलं की सिग्नल ऐकू येतोय पण मिनिमम मिळत नाही. म्हणजे नल सापडत नाही. त्यानंतर ती कधीच सापडली नाही.

कारणांवर अजून वाद होतात, पण एक गोष्ट भौतिकशास्त्राची आहे. ७५०० किलोहर्ट्झ ही शॉर्टवेव्ह. ती आकाशातल्या आयनोस्फिअरच्या थरावरून परतून वरून, वेगवेगळ्या कोनांतून येऊ शकते. विमानाचं धातूचं अंगही तिला वाकडं करतं. मग लूप गोंधळतो. दिशा शोधायची तर जमिनीलगत धावणारी लांब लहर बरी. एकच वेढा, पण पट्टा बदलला की त्याचा स्वभाव बदलतो. हे पुढे हेमलकशात मला स्वतःला अनुभवायला मिळालं.

मुंबई, १९४२

आपल्याकडे २३ जुलै १९२७ला मुंबई केंद्राचं उद्‍घाटन झालं, दीड किलोवॉटच्या ट्रान्समीटरवर. खाजगी कंपनी होती, १९३०मध्ये बुडाली, सरकारने ती सेवा हातात घेतली आणि १९३६मध्ये तिचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. रेडिओ घरी ठेवायला लायसन लागायचं. होय, ऐकायला लायसन! पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे. ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत चालली. तुमच्या आजीला विचारा, तिला ते पुस्तक आठवत असेल.

आता दिशा शोधणाऱ्या वेढ्याची दुसरी बाजू. २७ ऑगस्ट १९४२. छोडो भारत सुरू झालंय, नेते तुरुंगात आहेत, वर्तमानपत्रांवर बंधनं आहेत. आणि मुंबईत कुठूनतरी ४२.३४ मीटरवर एक आवाज येतो, काँग्रेस रेडिओ. बोलणारी मुलगी बावीस वर्षांची, उषा मेहता. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७०८५ किलोहर्ट्झ, शॉर्टवेव्ह.

पोलिसांच्या शोधगाड्या फिरत होत्या. म्हणून हे लोक ट्रान्समीटर घेऊन जागा बदलत राहिले. एक फ्लॅट, मग दुसरा, मग तिसरा. १२ नोव्हेंबर १९४२ला गिरगावात धाड पडली. पत्ता फुटला तो त्यांच्याच एका तंत्रज्ञाकडून, असं उषाताई पुढे सांगत.

मला यातून एक गोष्ट कळली. बोलणाऱ्याला शोधता येतं, कारण तो लहर सोडतो. ऐकणाऱ्याला असं शोधता येत नाही. घरात दार लावून, कंदील बारीक करून जो ऐकतोय, त्याची हवेत कुठे नोंद होत नाही. मी ॲप बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. तुम्ही हा एपिसोड कुठे थांबवलात, कुठे पुढे ढकललात, हे सगळं कुठेतरी लिहिलं जातंय. आजोबा काय ऐकत होते ते फक्त आजीला माहीत होतं.

कोलंबोहून गाणी, लंडनहून बातम्या

स्वातंत्र्यानंतर १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भोक्ता. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत, आणि आकाशवाणीवर ती जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केलं? बँड स्विच फिरवला. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावलं. ३ डिसेंबर १९५२ला अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप कोलंबोला जायची आणि तिथून गाणी आपल्या घरात परत यायची. ज्या ट्रान्समीटरवरून हे चालायचं, तो दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या रेडिओसाठी उभारलेला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

तेच बातम्यांचं. आणीबाणीत इथल्या बातम्या सेन्सॉर होत होत्या, तेव्हा लोक रात्री हळू आवाजात बीबीसी लावायचे. ३१ ऑक्टोबर १९८४ला इंदिरा गांधी गेल्याचं बीबीसीने दुपारीच सांगितलं. आकाशवाणीवर अधिकृत घोषणा व्हायला संध्याकाळ झाली. आजी सांगते, आजोबांनी त्या दिवशी बीबीसी ऐकलं आणि शेजाऱ्याला सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही. “नागपूरने सांगितलं का?” असं विचारलं. संध्याकाळी तो स्वतःच येऊन ओट्यावर बसला, काही न बोलता.

म्हणजे एका खोलीत दोन आवाज येत होते. एक सरकारचा, एक बाहेरचा. दोन्हींत चुका असतील, दोन्हींचे हेतू असतील. पण ताडून बघायची सोय होती.

हेमलकसा

आता जंगलात जाऊ. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमट्यांनी हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले आणि माडिया लोकांसाठी दवाखाना उभा केला. १९७६मध्ये शाळा सुरू झाली. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपुरातून वेगळा झाला. रस्ता नाही, वीज नाही, फोन नाही. जवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या भेटतात, आणि पावसाळ्यात हाच संगम सगळा भाग तोडून टाकतो.

अशा ठिकाणी रेडिओची काय अवस्था असेल, याचं गणित करू. हेमलकसा ते नागपूर सरळ रेषेत सुमारे २५० किलोमीटर. जगदलपूर त्याहून जवळ, दीडशेच्या आसपास, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात. पूर्वी ते मध्य प्रदेशात होतं. नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर, जगदलपूर ७५६वर. दिवसा मिडियम वेव्ह जमिनीलगत येते, आणि वाटेतली जमीन ती शोषत जाते. अडीचशे किलोमीटरवर उरते ती कुजबुज. रात्री आयनोस्फिअरचा खालचा थर विरतो, वरच्या थरावरून लहर परतते आणि लांब-लांबची स्टेशनं एकमेकांवर चढतात. म्हणजे दिवसा आवाज बारीक, रात्री गर्दी.

आलापल्लीहून नागपूर आणि जगदलपूर ही दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, दोनशेच्या थोडं पुढे. नकाशावर मोजलं तेव्हा मी दचकलो. आजोबांच्या दोन रेघांचं कारण हे होतं. एक वायव्येला, एक पूर्वेला. मराठी बातम्या हव्या असतील तर ‘ना’, ते नाहीच लागलं तर ‘ज’. महाराष्ट्राचा तो कोपरा राजधानीपासून किती लांब आहे, ते फळीवरच्या दोन रेघांत मावलं होतं.

डिसेंबर २०१९

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चार मित्र हेमलकशाला गेलो. मी सोबत आजोबांचा ट्रान्झिस्टर घेतला होता आणि हॉस्टेलवर बनवलेला लूप. मित्रांनी त्याला पतंग म्हणून नाव ठेवलं होतं.

कसा बनवला ते सांगतो, कारण मेसेजमध्ये तुम्ही हेच विचारणार. दोन लाकडी पट्ट्यांची फुली, अशी की चौकटीची प्रत्येक बाजू ६० सेंटीमीटर होईल. त्यावर साध्या इन्सुलेटेड तारेचे १२ वेढे, वेढ्यांत चार-पाच मिलिमीटर जागा सोडून. एकूण तार साधारण २९ मीटर. तारेची दोन टोकं गँगला, म्हणजे जुन्या रेडिओत स्टेशन बदलायला जो फिरता कंडेन्सर असतो त्याला. नागपुरात बर्डीवर रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात भंगाराच्या डब्यातून मला तो मिळाला. झालं. सेल नाही, सर्किट नाही.

वापरायचा कसा? रेडिओ चौकटीच्या मधोमध असा ठेवायचा की आतली कांडी चौकटीला काटकोनात राहील. वायर जोडायची नाही. रेडिओवर स्टेशन लावायचं, मग गँग हळूहळू फिरवायचा. एका जागी आवाज एकदम उसळतो. वेढे आणि गँग त्या फ्रिक्वेन्सीवर जुळले की लूपमध्ये वीज झुलायला लागते, आणि शेजारची कांडी ती उचलते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो जसा चढतो, तसं.

आकड्यांत सांगू? ५८५ किलोहर्ट्झची एक लहर सुमारे ५१३ मीटर लांब. तिच्यापुढे ६० सेंटीमीटरची चौकट म्हणजे काहीच नाही. नुसत्या चौकटीची ताकद पाच सेंटीमीटर उंचीच्या तारेएवढी. पण ट्यून केल्यावर हा आकडा सत्तर-ऐंशी पट वाढू शकतो, म्हणजे चार मीटरच्या आसपास. झाडावर तार चढवून पावसाळ्यात वीज अंगावर ओढवून घेण्यापेक्षा घरातली ही चौकट बरी.

दुपारी खोलीत रेडिओ लावला. ५८५वर फक्त घर्रर्र. मी वैतागलो. एवढ्या लांब वाजत-गाजत आणलेला पतंग, आणि मित्र फिदीफिदी हसतायत. मग नल आठवला. आवाज शोधायचं सोडलं आणि घर्रर्र कुठे मरते ते शोधायला लागलो. चौकट फिरवत गेलो. एका कोनात घरघर जवळजवळ संपली. म्हणजे चौकटीची सपाट बाजू त्या गोंगाटाच्या उगमाकडे होती. मी त्या सरळ रेषेत पाहिलं. भिंतीवर बोर्ड, आणि त्यात आमचे चार मोबाइल चार्जर.

चार्जर काढले. घरघर बंद. चौकट पुन्हा वायव्येकडे धारेवर धरली, आणि आतून, खोल विहिरीतून यावा तसा, बाईचा आवाज आला. मराठी. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात हरभऱ्याच्या घाटेअळीबद्दल कुणीतरी बोलत होतं. आम्ही चौघं ते वीस मिनिटं ऐकत बसलो. आमच्यातल्या एकाच्याही घरी शेती नाही.

हे मला फार लागलं. चार्जरमधलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतं, आणि स्वस्त चार्जर तो कचरा हवेत सोडतो. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, सगळ्यांचं तेच. वीज नव्हती तेव्हा या जंगलात सिग्नल कमजोर होता पण हवा स्वच्छ होती. आता आपण हवा इतकी गढूळ केलीय की शेजारच्या टेबलावरचा फोन नागपूरला दाबून टाकतो. लूपची आजची खरी कामगिरी तिथे आहे. तो सिग्नल जितका वाढवतो, त्याहून मोठं काम म्हणजे गोंगाटाकडे पाठ फिरवतो.

संध्याकाळी शॉर्टवेव्ह. त्यासाठी वेगळा लूप, जाड तारेचा एकच वेढा, एक मीटर व्यासाचा, त्याला तोच गँग. आत वीतभर व्यासाचा दुसरा छोटा वेढा. त्याचं एक टोक रेडिओच्या एरियलला, दुसरं सेलच्या निगेटिव्हला. साडेसातला बीबीसी हिंदी लागलं, स्वच्छ. इथे मात्र चौकट फिरवून फारसा फरक पडेना. लहर वरून येत होती. इअरहार्टला नल का सापडला नसेल, ते तेव्हा थोडंसं कळलं. छतावर उजेडात बसून वाचलेलं आणि हातात चौकट धरून कळलेलं वेगळं असतं.

तेव्हा भामरागडचा एक तरुण शिक्षक आमच्यासोबत बसला होता. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी भामरागडच्या बाजारपेठेत शिरलं होतं, पुलावरून पाणी, रस्ता बंद. मी विचारलं, तेव्हा बातम्या कशा कळायच्या? तो म्हणाला, “कुठे कळते भाऊ? टॉवर गेला की मोबाइल म्हणजे टॉर्च. बाहेरच्यांना आमची बातमी कळत होती, आम्हालेच आमची कळत नव्हती.”

मी म्हटलं, रेडिओ? तो हसला. “माझ्या बाबाकडे होता. सेल मिळत नाही, आणि स्टेशनही लागत नाही म्हणून पोराले खेळायला दिला.”

पुढे काय झालं

त्यानंतर महिन्याभरात, ३१ जानेवारी २०२०ला, बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्हवरची सेवा बंद झाली. ११ मे १९४०ला सुरू झालेली. आम्ही हेमलकशात जे ऐकलं ते शेवटच्या आठवड्यांतलं होतं, हे मला नंतर कळलं. नागपूरला आकाशवाणीचा एक हजार किलोवॉटचा ट्रान्समीटर होता, १५६६ किलोहर्ट्झवर, १९८८पासून रात्रभर राष्ट्रीय चॅनेल देणारा. ते चॅनेल २०१९च्या सुरुवातीलाच बंद झालं. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने अनेक शॉर्टवेव्ह आणि मिडियम वेव्ह ट्रान्समीटर थांबवले. खर्च मोठा, श्रोते कमी, एफएम आणि ॲप आहेत. हिशोब चुकीचा नाही. मी कंपनीत असतो तर मीही असाच रिपोर्ट दिला असता.

पण एफएम डोंगर आणि अंतरापुढे लवकर थकतं, आणि ॲपला टॉवर लागतो. ज्या दिवशी पुलावरून पाणी जातं त्या दिवशी हिशोब बदलतो. अडीचशे किलोमीटरवरून, कुठल्याही मधल्या खांबाशिवाय, दोन सेलवर चालणाऱ्या डब्यात माणसाचा आवाज पोचवणारी दुसरी व्यवस्था माझ्या माहितीत नाही. आणि लूप कितीही चांगला बनवा, समोरून कुणी बोलायला हवं. बंद ट्रान्समीटरला कुठलीही अँटेना ऐकू शकत नाही.

तो शिक्षक मला लूप मागत होता, शाळेतल्या मुलांना दाखवायला. मी दिला, गँगसकट. परतीच्या गाडीत मित्र म्हणाले, पतंग उडाला. घरी आल्यावर मी नवीन बनवला. मग फडताळ साफ केलं. त्या दोन रेघा अजून आहेत, थोड्या पुसट. आई म्हणाली, पॉलिश करून घेऊया. मी म्हटलं, करू, पण वरची फळी सोडून.

तर मंडळी, या रविवारी एक काम करा. घरात माळ्यावर कुठेतरी एक ट्रान्झिस्टर असेल. त्यात सेल घाला, चार्जर सगळे काढा, मिडियम वेव्ह लावा आणि रेडिओ हळूहळू गोल फिरवा. तुमच्या गावातून आकाशवाणी कुठल्या दिशेला बोलते ते शोधा. सापडलं तर तिथे पेन्सिलीने एक रेघ मारा आणि मला सांगा कुठलं स्टेशन लागलं. नाहीच लागलं, तर तेही सांगा. कुठे-कुठे काहीच लागत नाही याची यादीही कुणीतरी ठेवायला हवी.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, ऐकत राहा.